लग्नात सरकार कुठे हवं आणि कुठे नको

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघं तिशीतले, कोथरूडला भाड्याने राहतो. मी साताऱ्याचा, हिंदू. ती अहिल्यानगरची, ख्रिस्ती. लग्न ही खासगी बाब आहे, सरकारने त्यातून अंग काढून घ्यावं आणि ज्याला हवा त्याला साधा नागरी करार करू द्यावा, असं आमचं मत. तोवर आम्हीच एक करार करून राहिलो तर काय बिघडतं? शिवाय आमचे दोन मित्र, दोघेही पुरुष, सात वर्षं एकत्र राहतात. त्यांनी काय करावं?"

आधी थोडक्यात सांगतो. तुमच्यापुढे रस्ता आहे, तेव्हा विशेष विवाह कायद्याखाली लग्न करून टाका. मित्रांपुढे तो रस्ता नाही. त्यांना कागद जमवावे लागतील, आणि त्या कागदांना भोकं कुठे आहेत तेही पुढे येईलच. आता तत्त्वाचा भाग. सरकारने बाहेर पडावं ही मागणी ऐकायला रुबाबदार वाटते, पण तिच्यात गफलत आहे. लग्न करताना सरकार नको तेवढी चौकशी करतं हे खरं. पण माणूस आयसीयूत असतो, मरतो किंवा नातं तुटतं, तेव्हा सरकार लागतंच. तिथे ते अनेकांना ओळखही देत नाही. तक्रार करायची तर त्या उलट्या मांडणीची करा.

करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. घरभाडं निम्मं-निम्मं, डिपॉझिट कोणाचं, गाडीचा हप्ता कोण भरणार, हे करारात लिहिता येतं. लग्नाचा उपयोग मात्र तिसऱ्याशी गाठ पडते तेव्हा होतो, आणि त्या तिसऱ्याने तुमच्या करारावर सही केलेली नसते.

विम्याचं बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं यांना नॉमिनी केलं, तर पैसे त्यांचेच होतात. लग्नाविना जोडीदार नॉमिनी असेल तर तो फक्त पैसे उचलणारा. वारस उभे राहिले की हिशोब त्यांना द्यायचा. भविष्य निर्वाह निधीत याहून कडक आहे. १९५२ च्या योजनेप्रमाणे सदस्याला 'कुटुंब' असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, बाहेरच्याचं नाव टाकलं तर ते नॉमिनेशन बाद. अविवाहित पुरुषाचे अवलंबून असलेले आईवडील हेसुद्धा कुटुंबच. म्हणजे आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर जोडीदाराचं नाव तिथे टिकतच नाही, मग करार कितीही सुबक असो.

फ्लॅटचं उदाहरण पुणेकरांना लवकर पटतं. राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. तेच घर लग्न न केलेल्या जोडीदाराला दिलं तर खरेदीखतासारखं बाजारमूल्यावर टक्केवारीने. वर प्राप्तिकर आहेच: 'नातेवाईक' नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त मिळालं तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं.

आता समजा सरकारने उद्या विवाह कायदे गुंडाळले. हे सगळे प्रश्न राहतीलच, फक्त उत्तर दरवेळी कोर्टात शोधावं लागेल. त्याची चव आजही मिळते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहाच्या स्वरूपाचं नातं' असे शब्द आहेत, आणि ते कशाला म्हणायचं याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने वेलुसामी खटल्यात २०१० साली दिल्या: समाजापुढे पती-पत्नीसारखं वावरणं, दोघंही लग्नाला पात्र असणं, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहणं. हे सिद्ध करायला शेजारी, घरमालक, फोटो, बँकेची स्टेटमेंट्स सगळं कोर्टासमोर येतं. सरकारला घराबाहेर ठेवायचं म्हणून लग्न टाळलं, आणि भांडण झाल्यावर वकील स्वयंपाकघरापर्यंत आले!

'नोटरी लग्न' या प्रकाराबद्दल दोन शब्द. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "आम्ही आजपासून पती-पत्नी" असं लिहून नोटरीचा शिक्का मारला की लग्न झालं, अशी समजूत शहरात अजून आहे. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो. लग्न लावायचा किंवा मोडायचा अधिकार त्याला नाही, आणि केंद्राच्या विधी खात्याने २०२४ साली नोटरींना तसं बजावलंही आहे. हा कागद पासपोर्टला चालत नाही, व्हिसाला चालत नाही. नोटरी केलेल्या फारकतीचा धोका तर त्याहून मोठा. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल तर हिंदू विवाह कायदा ती मानतो, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसत्या फारकतनाम्यावर विसंबून दुसरं लग्न केलं आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर ते लग्न शून्य आणि वर द्विविवाहाचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा.

दुसरा जवळचा रस्ता म्हणजे आळंदी. घरच्यांचा विरोध असलेली जोडपी तिथे जातात, विधी होतो, संस्था त्याच दिवशी प्रमाणपत्र देते. दोघं हिंदू असतील (कायद्यात यात बौद्ध, जैन, शीखही येतात) आणि विधी खरोखर झाला असेल तर ते लग्न वैध आहे. मात्र संस्थेचं प्रमाणपत्र हा विधीचा पुरावा, सरकारी नोंद नव्हे. नोंद १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली विवाह निबंधकाकडे करायची: महापालिका हद्दीत क्षेत्रीय कार्यालयात, गावात ग्रामसेवकाकडे. लग्नापासून ९० दिवसांत केलेली बरी, पुढे विलंबाची फी वाढते. नमुना 'ड' भरायचा, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही. भटजींची सही राहून जाते आणि मग लोक तीन महिन्यांनी त्यांना शोधत फिरतात. लग्नाच्या दिवशीच कोरा नमुना सोबत न्या.

उलट चूकही होते. विधी केलाच नाही, फक्त नोंदणी करून घेतली, कारण व्हिसाची घाई होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीशिवाय लग्न होत नाही, मग प्रमाणपत्र असलं तरी. विधी कोणता हे त्या घरच्या रूढीवर आहे, सप्तपदीच हवी असं नाही. सत्यशोधक पद्धत पुण्यात १८७३ पासून आहे, बौद्ध पद्धत आहे. पण काहीतरी विधी झाल्याचा पुरावा, म्हणजे फोटो, पत्रिका, साक्षीदार, जपून ठेवा.

तुमच्या बाबतीत मात्र आळंदी उपयोगाची नाही. हिंदू विवाह कायद्याखाली दोघंही हिंदू लागतात. एक ख्रिस्ती असताना लावलेलं तसं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली शून्य ठरवलं आहे. "मी मनाने हिंदूच आहे" हे तिथे चालत नाही. चर्चमध्ये लग्न करता येईल, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतो. कुणाच्याच पद्धतीने नको असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४.

त्याची पायरी-पायरी नीट समजून घ्या, कारण गडबड तारखांत होते. दोघांपैकी एकाने नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस पुणे जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. भाडेकरार नोंदणीकृत आणि त्याच्या नावावर असला म्हणजे प्रश्न मिटला. रूममेटच्या नावाचा करार घेऊन गेलात तर परत पाठवतील. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. हे खातं नोंदणी व मुद्रांक विभागाचं आहे, त्याच्या संकेतस्थळावरूनही नोटीस भरता येते. सरकारी फी किरकोळ आहे. एजंट हजारोंची भाषा करतो तेव्हा तो तुमच्या घाईची किंमत लावत असतो, आणि ३० दिवस त्यालाही कमी करता येत नाहीत.

नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, तिथून ३० दिवस हरकतींसाठी. हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारण कलम ४ मधलंच हवं: आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा २१ किंवा मुलगी १८ पूर्ण नाही, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, निषिद्ध नातं आहे. "आम्हाला पसंत नाही" हे कायद्यात कारण नाही. हरकत आलीच तर अधिकाऱ्याला ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा असतो, आणि हरकत अवाजवी निघाली तर तो एक हजार रुपयांपर्यंत खर्च लावू शकतो. १९५४ मध्ये हजार रुपयांना वजन होतं.

बहुतेक जोडप्यांना जे शेवटी कळतं ते आत्ताच सांगतो. नोटीस देणाऱ्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. आधारवर साताऱ्याचा पत्ता आणि अहिल्यानगरचा पत्ता असेल तर दोन्हीकडे बातमी पोचण्याची शक्यता धरून चला. घरी सांगायचंच असेल तर नोटिशीच्या आधी सांगा, फलकावरून कळू देऊ नका. जिवाला धोका असेल तर आधीच पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

दुसरी तारीख शेवटच्या मुदतीची. नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द, पुन्हा पहिल्यापासून. १ जूनला दिलीत तर जुलैच्या पहिल्या दिवसांपासून ऑगस्टअखेरपर्यंतच वेळ. ओळखीच्या कुणीतरी "आषाढ नको, श्रावणात बघू, नाहीतर दिवाळीनंतर" असं म्हटलं की हमखास मुदत जाते.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार, ओळखपत्रांसह. आधी घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत न्या, साधी झेरॉक्स नको. दोघं जाहीरनाम्यावर सही करतात, मग एकमेकांना एवढंच म्हणायचं: "मी, अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." ती तेच पती म्हणून म्हणते. सरकारचा सगळा समारंभ या एका वाक्याचा आहे. नाव आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, असं असेल तर दाखला मिळाल्यावर दुरुस्तीचा फेरा चुकत नाही. मधलं नाव, आडनाव आधीच जुळवून घ्या.

या लग्नाचा वारसावर परिणाम होतो, आणि तो कुणी सांगत नाही. दोघं हिंदू असते तर हिंदू वारसा कायदाच लागला असता, १९७६ च्या दुरुस्तीने तशी सोय आहे. तुमचे धर्म वेगळे, म्हणून भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागेल. समजा तुमच्या मागे बायको, एक मूल आणि आई आहे, फ्लॅट ९० लाखांचा, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यात तिघांना ३०-३०-३० मिळाले असते. १९२५ च्या कायद्यात बायकोला एकतृतीयांश म्हणजे ३० लाख, मुलाला ६०, आईला शून्य. शिवाय एकत्र कुटुंबातून तुम्ही त्या दिवशी विभक्त झालात असं कायदा धरतो. हिस्सा बुडत नाही, एकत्रपणा मात्र संपतो. आईची काळजी असेल तर लग्नानंतर महिन्याभरात मृत्युपत्र करा. लग्नाआधी केलेलं असलं तरी नव्याने करा, कारण लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

आता तुमच्या मूळ मताकडे. १८७२ चा पहिला नागरी विवाह कायदा ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून आला, पण अट अशी की "मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचा नाही" असं लिहून द्या. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आपसात धर्म न सोडता त्याखाली लग्न करता आलं. कुणालाही कुणाशी, धर्म कायम ठेवून, हे १९५४ ला आलं. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुण्यात विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. पण लग्न वैध होतं आणि मुलं औरस होती, ती १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यामुळे. सरकार बाजूला झालं की त्याची जागा मोकळी राहत नाही. आपल्याकडे तिथे जातपंचायत बसते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच राज्याला. त्यामुळे 'सरकार हटवा' ही घोषणा अमेरिकेतून जशीच्या तशी उचलण्यात मला काही अर्थ दिसत नाही. अलाबामाने २०१९ मध्ये विवाह परवाना आणि समारंभाची अट काढून टाकली, दोघांनी नमुन्यावर सही करून तो नोंदवायचा, बस. घटस्फोट, वारसा, ताबा सगळं तसंच राहिलं. म्हणजे तिथेही सरकार दारातून बाजूला झालं, घरातून नव्हे. आणि तेवढंच आपल्याकडे हवं आहे: ३० दिवसांचा फलक काढा, नोंद ठेवा.

नागरी सहजीवनाचे, म्हणजे लग्न न करता नात्याची सरकारी नोंद करण्याचे, नमुने जगात बरेच आहेत. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी नोंदणी सुरू केली आणि २०१२ मध्ये त्यांना लग्नच खुलं करून ती बंद केली. फ्रान्सचा १९९९ चा 'पॅक्स' स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुला आहे, एकाने कळवलं तरी मोडता येतो. पण मृत्युपत्र नसेल तर पॅक्समधल्या जोडीदाराला वारसा मिळत नाही, हे त्याचं कौतुक करणारे विसरतात. इंग्लंडमध्ये २००४ चा कायदा फक्त समलिंगींसाठी होता, एका स्त्री-पुरुष जोडप्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून २०१९ अखेर तो सगळ्यांसाठी करून घेतला.

आणि आपल्याकडे? उत्तराखंडच्या समान नागरी संहितेत, २७ जानेवारी २०२५ पासून, लिव्ह-इनची नोंद सक्तीची आहे. महिन्याभरात केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोघांपैकी कुणी २१ च्या आत असेल तर आईवडिलांना कळवायचं, माहिती पोलीस ठाण्यालाही. नागरी सहजीवन मागितलं आणि हे मिळालं तर? मागणी करताना 'ऐच्छिक' हा शब्द विसरू नका.

आता मित्रांचं. सुप्रियो खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा समलिंगींना लागू होईल असा वाचता येणार नाही. नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी की नाही यावर तीन विरुद्ध दोन झालं, आणि मान्यता द्या म्हणणाऱ्या दोघांची बाजू हरली. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. (पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, व्यक्ती आणि भिन्नलिंगी जोडीदार यांचं लग्न मात्र चालू कायद्यात होऊ शकतं, हे त्याच निकालात एकमताने आहे.) निकालानंतर २०२४ मध्ये केंद्राने काही खुलासे काढले: संयुक्त बँक खातं आणि नॉमिनेशनला आडकाठी नाही, रेशनकार्डावर एक कुटुंब धरा, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव द्या. खुलाशांची छापील प्रत जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाने ती वाचलेली असेल याचा भरवसा नाही.

त्यांनी पहिलं काम करायचं ते दोन मृत्युपत्रांचं, प्रत्येकाचं वेगळं. दोन साक्षीदार, लाभ मिळणारा त्यात नको, आणि शक्यतो वयाने लहान. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, कारण इथे भांडण आईवडील-भावंडांशी होणार हे गृहीत आहे. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं मानसिक स्थितीचं प्रमाणपत्र जोडा, आणि घरच्यांना काय दिलं किंवा का दिलं नाही यावर एक परिच्छेद लिहा. तो परिच्छेद नसला की "त्याला भुलवून लिहून घेतलं" हा आरोप सोपा होतो. घर घ्यायचं असेल तर खरेदीच्या वेळीच दोघांची नावं टाका, हिस्से लिहून. मागाहून नाव चढवणं किती महाग ते वर आलंच आहे. सोसायटीत नॉमिनेशन करा, पण त्याने नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होतो. मालकी मृत्युपत्राने जाते. शेअर्सचंही तेच, डिसेंबर २०२३ च्या निकालाने.

रुग्णालयासाठी सगळे कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि नेमकं तेच फसतं. देणाऱ्याची शुद्ध हरपली, मानसिक क्षमता गेली, की करार कायद्याच्या कलम २०१ ने मुखत्यारी संपते. म्हणजे हवी तेव्हाच नाही. त्याऐवजी आगाऊ वैद्यकीय निर्देश करा: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि निर्णय कोणी घ्यायचा त्याचं नाव स्पष्ट. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. हा निर्देश बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेपुरता आहे, रोजच्या शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी नाही. तातडीच्या उपचारासाठी मुळात नातेवाइकाची सही कायद्याने लागत नाही, पण बिलाची हमी आणि 'नातं काय' हा रकाना पुढे येतो. तिथे भरती होतानाच, रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्या हाताने जोडीदाराचं नाव संपर्क व्यक्ती म्हणून लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा.

भविष्य निर्वाह निधीचं भोक मात्र कोणत्याही कागदाने बुजत नाही. आईवडील अवलंबून असतील तर तिथे त्यांचंच नाव घाला, आणि तेवढ्या रकमेची भरपाई मृत्युपत्रात मुदत ठेवी किंवा म्युच्युअल फंड जोडीदाराला देऊन करा. बँकेत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं खातं ठेवा, म्हणजे वारसाचा वाद सुरू असतानाही घरभाडं आणि दवाखान्याचं बिल थांबत नाही.